कडी नसलेलं दार

रविवार सकाळ, डोळखांबच्या शाळेचं मैदान. हजर: सरपंचबाई, खेळाचे सर, मी आणि मुरबाडचा फ्लेक्सवाला. महिला कबड्डीच्या स्पर्धा आमच्याकडे भराव्यात म्हणून तो रील बनवत होता. स्पर्धा मागायच्या अर्जासोबत ती उद्याच टाकायची होती.

वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हा वीस-वीस चेहरे बसवतो. इथे मात्र एकही चेहरा घेईना. शाळेच्या खोल्यांचं प्रत्येक दार आधी आतून लावून बघायचा, मगच मोबाइल वर धरायचा. मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीला आतून कडीच नव्हती.

"बाहेरूनच काढ रे, कडी कोण बघतंय?" सरपंचबाई म्हणाल्या.

"खेळायला येणाऱ्या पोरी बघतील ना, मॅडम," म्हणत त्याने मोबाइल खिशात टाकला. "तुमी कडी लावा, मी रील टाकतो."

बाकी रील तयार आहे. कडी अजून बसवायची आहे.