खिडकीजवळचा गोणपाट

आईला गणपतीच्या कारखान्यातून कुणी काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. तिला नुसतं बोलावलं नाही. पेणमधल्या तिच्या कारखान्याची रीतच तशी. रंगकाम सुरू व्हायचं झालं की मालकाचा निरोप घरी येतो आणि बायका डबा घेऊन आपापल्या गोणपाटावर जाऊन बसतात. गोणपाट ठरलेला, शेजारीण ठरलेली. आईचा खिडकीजवळ, कारण ती मूर्तींचे डोळे आखायची आणि त्याला उजेड लागतो. गेल्या हंगामात तिचा हात कापायला लागला. या हंगामात निरोप आला नाही. नेमणूकच नाही, तर काढल्याचा पुरावा कुठून आणणार? मोठी सोयीची पद्धत आहे.

मी रोह्याला एका कामगार संघटनेत पत्रकं लिहिते. लगेच एक लिहून काढलं. आईने ते शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "ह्यातनं मला काढ."

तुला काढलं तर उरतं काय, असं मी विचारलं. ती भात बघायला उठून गेली.

बाबा गेल्यापासून ती एकटीच राहते. मी फोन केला की शेजारच्या टीव्हीवर काय चाललंय ते सांगायची, भिंतीतून ऐकू येतं म्हणून. स्वतःचं सांगण्यासारखं तिच्याकडे काही उरलं नव्हतं. म्हणून मी वॉटरकलरचा क्लास शोधला. रोह्यातले एक निवृत्त चित्रकलाशिक्षक वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी वयस्कर लोकांना शिकवतात. आईचं आयुष्य ब्रश धरण्यात गेलेलं, पण कागदावर तिने कधी रंग लावला नव्हता. हात कापतो, मी काय शिकणार, म्हणाली. पाण्याच्या रंगाला कापणारा हात चालतो, असं मी ठोकून दिलं. ती गाडीने यायला लागली.

पहिल्या दिवशी डोंगर काढायचा होता. आईने पांढऱ्याची ट्यूब पिळली आणि अख्खा कागद पांढरा करून टाकला. डब्याच्या झाकणाने वारा घालून तो वाळवला आणि मग त्यावर हिरवा चढवला. हिरव्याचं ताक झालं. कागदाची सालं निघायला लागली.

"ताई, डोंगर काढताय का भिंत?" शेजारचे बँकेतले काका म्हणाले. सगळे हसले. आईही हसली, पण ब्रश खाली ठेवून.

सरांनी समजावलं, इथे पांढरा लावायचा नसतो. जिथे पांढरं हवं, तिथे कागद राखायचा. आईला हे पटेना. मूर्ती घासून झाली की आधी पांढरा हात मारायचा, त्याशिवाय रंग बसत नाही. आणि कुठे कोरा ठिपका राहिला तर गिऱ्हाईक मूर्ती परत आणतं. कोरं ठेवणं म्हणजे काम अर्धं टाकणं. त्यामुळे कितीतरी रविवार ती कागदाचा कोपरान् कोपरा भरत राहिली. ढगसुद्धा सोडला नाही. सरांनी एकदा विचारलं, बगळा कुठाय?

"हाय की. निळा हाय."

मी मागच्या बाकावर पत्रकं तपासत बसायचे. कारखान्यात बायका दिवसभर बोलतात, फक्त डोळे आखताना गप्प होतात. इथे ज्याचं तोंड त्याच्या कागदाकडे. तास संपला की जो तो स्कूटर काढून घरी. रिकाम्या खोलीतून उचलून मी तिला भरलेल्या खोलीत एकटी बसवलं होतं. हे मला दिसत होतं, पण दुसरं काही सुचत नव्हतं.

मग सरांनी आठवणीतली एखादी जागा काढायला सांगितली. आई कितीतरी रविवार ते एकच चित्र करत होती आणि मला जवळ येऊ देत नव्हती. शेवटी सरांनीच मला हाक मारली.

तिचा कारखाना होता. फळ्यांवर डोळे नसलेल्या मूर्ती. खाली बायका, सगळ्या पाठमोऱ्या. कुणाचा अंबाडा, कुणाचं पोक, मी प्रत्येकीला ओळखलं. खिडकीजवळ तिचा गोणपाट, आणि त्यावर पांढरं. आधी मला वाटलं, खिडकीतला उजेड पडलाय. नीट पाहिलं तर बसलेल्या बाईचा आकार. कोरा कागद. कापऱ्या हाताने भोवतीने रंग नेला होता, आत एक थेंब जाऊ दिला नव्हता.

"जमलं की तुम्हाला पांढरं राखणं," सर म्हणाले. बाकीचे बघायला उठले. कौतुक सुरू झालं आणि माझं डोकं फिरलं.

"मालकाने केलं तेच तू केलंस," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "स्वतःलाच वगळलंस. रंगव तिथे. तुझी जागा आहे ती."

आईने ब्रश पाण्यात बुडवला, कापडाला पुसला.

"रंगवली का जागा भरली गो. मग निरोप कशाला यायचा?"

सर खिडकी लावायला गेले. काका आपल्या कागदाकडे वळले. मी बाकावरची पत्रकं गोळा केली.

रोहा स्टेशनवर ती चित्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून छातीशी धरून बसली होती. गाडी लागली. चढताना तिने शेजारणीकडे किल्ली ठेवलीय का नाही, हे स्वतःलाच विचारलं.

पुढच्या रविवारी मी स्टेशनवर गेले. गाडी आली, पण आई आली नाही. फोन लावला. पलीकडे शेजारचा टीव्ही ऐकू येत होता.

"मी आता नाय येत," ती म्हणाली. "रविवारी कुणी निरोप घेऊन आलं आणि दाराला कुलूप दिसलं तर?"

मी खोलीवर गेले. पत्रक काढलं आणि तिने सांगितलं होतं तसं तिला त्यातून काढलं. खरंच काही उरलं नाही.