आधी बोल्ट, मग नारळ

बपेऱ्याहून आलेल्या माणसाने सांगितलं, वासुदेव मिस्त्री पॅनेलखाली सापडून गेले. मी त्याच्यावरच खेकसलो, दुसरा कोणी असेल, नीट विचारून ये म्हणून. आमच्याकडे राइस मिलमध्ये विजेचं पॅनेल, म्हणजे ते माणसाहून उंच लोखंडी कपाट, उभं करायचं तर वासुदेवभाऊच लागायचे. त्यांच्या हाताखाली कुणाचं बोटसुद्धा कधी चेंगरलं नाही. आणि तेच कपाटाखाली? महिना झाला, अजून डोकं सुन्न आहे...

आमची ओळख झाली आणीबाणी उठल्याच्या पुढच्या वर्षी, कोंढ्याला, आमच्याच मिलमध्ये. पाइपांवरून इंच-इंच सरकवत त्यांनी पॅनेल जागेवर आणलं, ओळंबा लावून पाहिलं, निवांत चहा घेतला. तेवढ्यात माझे वडील पूजेचं ताट घेऊन आले. मुहूर्त टळत होता. पॅनेलचे दरवाजे उघडून आत कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, मग नारळ, ही आमच्याकडची रीत. भाऊ आडवे आले.

"काका, दरवाजे लय जड आहेत. जमिनीतले बोल्ट आवळल्याबिगर उघडले तं कपाट अंगावर येते. आधी बोल्ट, मंग नारळ."

मुहूर्त टळला. वडील ताट तिथेच ठेवून घरी गेले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. माझा पारा चढला. सगळ्या कामगारांसमोर मी भाऊंना बोललो, "मिस्त्री, तुमच्यासारख्या हट्टी, अपशकुनी माणसाले पुन्हा कोण बोलावन?" त्यांनी बोल्ट आवळले, दरवाजे उघडले आणि पॅनेलला हात जोडून निघून गेले.

पुढे बोलावलं मीच. सहा वर्षं ते दर हंगामाआधी मिल तपासायला यायचे, आमच्याकडेच जेवायचे. वडील त्यांना आग्रहाने भात वाढायचे. त्या दिवसाचा विषय मात्र कुणी काढला नाही, आणि मी धरून चाललो की ते विसरले.

बपेऱ्याला काय झालं ते तिथल्या मालकानेच रडत सांगितलं. बोल्टभोवतीचं सिमेंट ओलं होतं, आवळायला दुसरा दिवस उजाडणार होता. पण मालकाची म्हातारी आई ताट घेऊन उभी. भाऊ नाही म्हणाले. मग हो म्हणाले. सगळ्यांना पार भिंतीपर्यंत मागे सारलं, म्हातारीच्या हातून कुंकू घेतलं, आणि एकट्याने एक दरवाजा उघडला, मग दुसरा... म्हणजे काय होऊ शकतं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. बाकी कुणाला खरचटलंही नाही.

तेरवीला शहापूरला भाऊंच्या घरी गेलो. त्यांच्या खोलीत माणसं दाटीने बसली होती. खुंटीवर भाऊंचा शर्ट तसाच होता, कोपऱ्याला ग्रीसचा डाग. वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या इथलं पहिलं काम करून आले तवापासून एकच विचारत. मी लोकाइले अपशकुनी वाटतो काय? कोणं म्हटलं असन हो त्याइले असं?"

मी म्हणालो, "मले माहीत नाही, वहिनी." समोर ठेवलेलं पाणी प्यालो आणि दुपारच्या एसटीने परत आलो.

वहिनी रविवारची पुरवणी वाचतात, म्हणून इथे लिहितो आहे. वहिनी, ते मी म्हटलं होतं.