कापायचं मी, लिहायचं त्यांनी

"तू स्लाइड करू नकोस. तू त्या बरण्या धुऊन घे."

लातूरच्या एका नर्सिंग कॉलेजची प्रयोगशाळा. माझं पहिलं वर्ष. विषय शरीररचना. त्या दिवशी गालाच्या पेशी बघायच्या होत्या. टूथपिकच्या बोथट टोकानं गाल आतून खरवडायचा, काचपट्टीवर पुसायचा, निळ्या रंगाचा एक थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. एवढंच. माझं टूथपिक तोंडापर्यंत गेलेलं. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, बरण्या धू.

बरण्या म्हणजे औषधी पाण्यात अवयव बुडवून ठेवलेल्या जुन्या काचेच्या बरण्या. बाहेरून चिकट. वर्षानुवर्षांची धूळ.

मी विचारलं, "मीच का, मॅडम?"

"तुला सवय असेल ना. वडील त्याच कामात आहेत."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बऱ्याच जणी हसल्या. मागून ऋतुजा म्हणाली, "अगं, हिच्या घरी डबा पण तसल्याच बरणीत भरत असतील." ऋतुजा माझ्याच बाकावर बसायची. माझ्याच वहीतून नोट्स उतरवून घ्यायची.

मी बरण्या धुतल्या. हे मी लपवत नाही. त्या दिवशी मी मुकाट्यानं धुतल्या.

माझा बाप नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सफाई कामगार आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण हे त्या एकाच गावातलं नाही. झाडू, फरशी, संडास हे त्याचं कागदावरचं काम. कागदावर नसलेलं काम म्हणजे शवविच्छेदन. अपघातातलं, विहिरीतलं, गळफासातलं, कुठलंही प्रेत आलं की बापाला हाक. बाप उघडतो, बाप शिवतो. हे काम आमच्याच वस्तीनं करायचं, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. तरी आजोबानं केलं, बाप करतो. आजोबा गेला तेव्हा जागा रिकामी झाली आणि दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांचं माणूस सरळ आमच्या दारात आलं. दुसऱ्या कुठल्या गल्लीत गेलं नाही.

कॉलेजच्या पहिल्याच दिवशी मॅडमनी सगळ्यांना उभं करून वडील काय करतात ते विचारलं होतं. कुणाचे वडील प्राध्यापक, कुणाचं उदगीरला अडतीचं दुकान, कुणाचे बँकेत. मी म्हणाले, "आरोग्य विभागात." मॅडम हसल्या. "आरोग्य विभागात म्हणजे? डॉक्टर?" मग सांगावं लागलं. त्यांचा चेहरा मी पाहिला. त्या दिवसापासून माझ्या हातून त्यांनी उपस्थितीची वहीसुद्धा घेतली नाही. टेबलावर ठेव, म्हणायच्या.

आणि मी काय केलं? बाप महिन्यातून एकदा भाकरी, ठेचा घेऊन लातूरला यायचा. मी त्याला बसस्टँडवरच गाठायचे. कॉलेजच्या गेटपर्यंत येऊ द्यायचे नाही. एकदा तो म्हणाला, "तुझं कॉलेज तरी दाव की गं माय. लांबूनच बघतो."

मी म्हणाले, "आज सुट्टी हाय."

सुट्टी नव्हती. बापानं माझ्या खांद्यावरची दप्तराची पिशवी बघितली आणि भाकरीचं गाठोडं माझ्या हातात दिलं. मॅडमनी माझा जेवढा अपमान केला, त्याहून मोठा मी त्याचा केला. हेही लिहून ठेवते.

बरण्या धुतल्या त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी मागं थांबले. स्वतःचा गाल खरवडला. स्लाइड केली. प्रयोगशाळा बंद व्हायच्या आत बघितली, आकृती काढायला वेळ नव्हता. फिकट, वेड्यावाकड्या फरशांसारख्या पेशी आणि प्रत्येकीत एक गडद निळा ठिपका. शेजारी ऋतुजाची स्लाइड पडलेली, तीही लावली. तेच. फरशा, ठिपके. यातून आता मी समतेचं काहीतरी लिहीन असं वाचणाऱ्याला वाटेल. नाही लिहिणार. मॅडम हे वीस वर्षं बघत आल्यात. त्यांना काय फरक पडला? सूक्ष्मदर्शकानं जात जात नाही. मला त्यातून शिकवण नको होती. मला फक्त माझ्या वाट्याचा तास हवा होता.

दिवाळीत घरी गेले. बाप ओट्यावर बसलेला. मी पुस्तक वाचत होते, पेशी, मग ऊती, मग अवयव, मग संस्था, मग अख्खं शरीर. फुप्फुसाच्या चित्रावर बापानं बोट ठेवलं.

"ह्ये फोफसं ना? उजव्याला तीन पाकळ्या. डाव्याला दोनच."

मी पुस्तक बघितलं. बरोबर.

"तुला कसं ठाऊक, बा?"

"आता मला न्हाई तर कुणाला ठाऊक? लई हाताळलेत." त्यानं पान उलटून पोटाच्या चित्रावर बोट नेलं. "ही पाणथरी, डाव्या बरगडीखालची. ही पित्ताची पिशवी. हिला चिरा गेला की सगळं हिरवं होऊन जातं, जपून उचलावं लागतं."

"आणि साहेब काय करतात?"

"साहेब दारात. नाकाला रुमाल. 'काय दिसून राहिलंय रे?' म्हणतेत. मी सांगतो, ते लिहितेत."

"सगळं तू सांगतोस?"

"हाव. मग सही त्यांची. सही माझी कशी चालंल?" आणि हसला. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्याच्या हसण्यानं माझं डोकं तापलं. सातवीपर्यंत शिकलेला माणूस शरीर वाचतो आणि शिकलेला माणूस दारातून ते उतरवून घेतो. बापाच्या हातात धड हातमोजेही नाहीत. अहवालात त्याचं नाव नाही. कुठेच नाही.

सुट्टीनंतर हृदयाचा तास. खाटकाकडून बोकडाचं हृदय आणलेलं, ट्रेमध्ये ठेवलेलं. मुली नाक मुरडत मागं सरकल्या. मॅडम दोन पावलं लांब उभ्या राहून मला म्हणाल्या, "ये, तू काप. तुझ्या घरचंच काम आहे. बाकीच्यांनी बघून जर्नलमध्ये आकृती काढा."

मी कापलं. पहिला चिरा उजव्या बाजूला. कप्पे उघडले, झडपांच्या पांढऱ्या दोऱ्या दाखवल्या. मुली माझ्या हातांचे फोटो काढत होत्या, आकृतीसाठी. तास संपला. ट्रेही मीच धुतला. माझ्या जर्नलमध्ये त्या पानावर काही नव्हतं. हात रक्ताचे असताना लिहिणार कशी?

आठवड्यानं जर्नलवर सह्या झाल्या. सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नाहीत आणि परीक्षा नाही तर वर्ष गेलं. मॅडमनी माझं जर्नल पेनाच्या टोकानं उघडलं.

"पेशींचं पान कोरं. हृदयाचं पान कोरं. सही कशी करू? प्रयोग केलेच नाहीस तू."

प्रयोग केलेच नाहीस.

दारात उभा साहेब दिसला. नाकाला रुमाल. काय दिसून राहिलंय रे?

तेच होतं हे. अगदी तेच. कापायचं आम्ही, लिहायचं त्यांनी. आणि शेवटी कागदावर आम्ही नाहीच. मी दवाखान्यापासून पळून लातूरला आले होते आणि इथं नर्सिंगचा पांढरा गणवेश घालून त्याच टेबलापाशी उभी होते. माझ्या बापाच्या जागेवर.

मॅडम म्हणाल्या, "उद्या अजून एक हृदय येणार आहे, दुसऱ्या बॅचसाठी. ते कापून दे, मग बघू सहीचं."

"नाही कापणार."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"काय म्हणालीस?"

"ज्यांचा प्रयोग आहे त्यांनी कापावं. नाहीतर ऋतुजानं कापावं. तुम्ही कापून दाखवा. मी या वर्गात शिकायला आलेय, मॅडम. तुमच्या हातांना घाण लागू नये म्हणून आलेली नाही."

"वर्ष घालवशील."

"लेखी द्या तसं. कारणासकट."

त्यांनी लेखी दिलं नाही. तसलं कुणीच लेखी देत नाही. म्हणून मी दिलं. तारखा, वाक्यं, कोण हसलं, सगळं. एक प्रत प्राचार्यांना, एक विद्यापीठाला. पोच घेतली. मग बसून ती दोन पानं पूर्ण केली. पेशी मी पाहिल्या होत्या. हृदय माझ्या हातांनी उघडलं होतं. आकृत्यांसाठी मला कुणाचा फोटो लागला नाही.

बापाला फोन केला. "रविवारी ये. गेटवर ये. आत ये." तो आला, धुतलेला सदरा घालून. मी त्याला प्रयोगशाळेच्या खिडकीतून बरण्या दाखवल्या. तो म्हणाला, "बरण्या चकाचक हायेत की."

"मी धुतल्या होत्या," मी म्हणाले. "आता धुणार न्हाई."

बापाच्या दवाखान्यासाठीही अर्ज लिहून ठेवलाय. विच्छेदन प्रत्यक्ष कुणी केलं, त्याचं नाव अहवालात यावं. अर्जावर सही बापाची लागेल. तो अजून घाबरतो. कागद घडी करून खिशात ठेवलाय त्यानं. फाडलेला नाही.

परीक्षा पुढच्या सोमवारी आहे. माझ्या जर्नलवर अजून सही नाही. मी जाणार आहे. आत घेतलं तर टेबलापाशी उभी राहीन. नाही घेतलं तर दारात बसेन, जर्नल उघडं ठेवून, येणाऱ्या प्रत्येक परीक्षकाला दिसेल असं. त्या पानावर आकृतीच्या खाली मी माझं नाव लिहिलंय. कापणारी मी. लिहिणारीही मी.