तोफेवर वाळत घातलेला शर्ट

समुद्रातल्या तेलाच्या रिगवर मी रेडिओ सांभाळायचो. ते पाणी आमचं की शेजारच्या देशाचं, हा वाद मिटलेला नव्हता. एका सकाळी त्यांची गस्तीनौका जवळ येऊन थांबली. ‘निघून जा,’ असं त्यांचं आम्हाला रेडिओवर दोनदा सांगून झालं. खिडकीतून पाहिलं, तर एक खलाशी आमच्याकडे वळवलेल्या तोफेच्या नळीवर धुतलेला शर्ट वाळत घालत होता, बाह्या झटकून, माझी बायको घालते तसा. भांडण देशांचं, घाम आणि साबण तर सगळ्यांचा सारखाच. मला उगाच धीर आला.

“शर्ट वाळेपर्यंत तरी काही होत नाही,” क्रेनवाले सावंत म्हणाले.

तासाभरात त्या खलाशाने शर्ट चाचपला आणि घडी घालून आत नेला. नौका संध्याकाळी गेली. तोवर मी त्या उघड्या नळीकडे बघत बसलो. समुद्रावर कपडे फार लवकर वाळतात.