शंकरच्या कच्च्या इटा

ही गोष्ट मी कुनालाच सांगितली न्हाई. बायकोला न्हाई. मशिदीत दुवा मागताना सुदीक तिच्यावरनं उडी मारून पुढं जायचो. तुमाला सांगतो — हसाल तर हसा. मलाबी हसू येतं. पन हसून झाल्यावर आत कायतरी टोचतं, त्याचं काय करायचं?

मी बेलापूरचा बाबू गवंडी. दुसरी मोठी लढाई चालू हुती तवा गावाबाहेर एका डॉक्टरांचा बंगला बांधत हुतो. सिमिट मिळायचं न्हाई, सगळं काम चुन्यात. डॉक्टरांनी पुन्यावरनं इंजिनेर आनला. तो म्हनाला, भिंती दोन बांधा — एक आतली, एक बाहेरची, मधी तीन बोटं पोकळ ठेवा. पावसाचं पानी बाहेरच्या भिंतीतच राहील, आत ओल येनार न्हाई.

पोकळ? माझ्या बापानं भिंतीच्या पोटात कधी हवा ठेवली न्हवती. भर घालायची, ती ठासून. पोकळ भिंत म्हंजे गवंड्यानं माल खाल्ला, असंच आमच्याकडं धरायचे. उद्या कुनी थाप मारली आनि भिंत बोलली, तर नाव कुनाचं जाईल? माझंच ना? मग इंजिनेर पुन्याला गेला आनि मी — पावसाच्या तोंडची अख्खी भिंत इटांच्या तुकड्यांनी अन् चुन्यानं ठासून भरली. वर स्वतःवर खूश. असला मी शहाना.

पावसाळ्यात त्याच भिंतीला आतनं ओल आली. डॉक्टरीनबाईंच्या कपाटात साड्यांना बुरशी. डॉक्टरांनी मला बोलवलं, आनि इटा देनाऱ्या शंकरलाबी. शंकर माझा लहानपनापासूनचा दोस्त. नुकतीच स्वतःची भट्टी घातलेली, हे त्याचं पहिलंच मोठं काम. इथं नाव गेलं तर त्याच्या इटा कोन घेनार? हे मला ठावं हुतं. ठावं असून मी म्हनालो — व्हय, मीच म्हनालो — "इटा कच्च्या निघाल्या, डॉक्टरसायेब."

शंकरनं दोन इटा उचलून एकमेकींवर आपटल्या. खनखनीत वाजल्या. पक्की भाजलेली ईटच अशी वाजती. त्यानं माझ्याकडं बघितलं, इटा खाली ठेवल्या.

"बाबू म्हनतो तर असंल. नव्या भाजून देतो," म्हनाला.

एवढा भरोसा कुनी कुनावर ठेवावा का?

बाहेरची भिंत उतरवली. माझी भर ढिगाऱ्यात मिसळली, कुनाला कळली न्हाई. शंकरनं जास्त जळान घालून नव्या इटा भाजल्या. या खेपंला मी गपगुमान इंजिनेरनं सांगितलं तसं केलं — दोन्ही भिंती लोखंडी पट्ट्यांनी जोडल्या, पोकळीत फळी सोडून खाली पडनारा चुना तिच्यावर झेलला, थर चढंल तशी फळी वर ओढली. पुढच्या पावसात भिंत आतनं कोरडी ठाक. डॉक्टरांनी खूश होऊन मला फेटा दिला. बांधला कुनी? शंकरनं. बांधताना माझ्यापेक्षा तोच जास्त हसत हुता.

भट्टी तगली त्याची. पन गावानं 'कच्चा शंकर' नाव पाडलं, ते त्याच्या पोरांना सुदीक चिकटलं. मी एकदाबी तोंड उघडलं न्हाई.

उतरलेल्या इटा दुसऱ्याला द्यायला त्याचं मन हुईना. म्हनला, बाबू, तुझ्या कामाला येतील, तूच ने. मी नेल्या. लाज वाटली का? वाटली, तरी गाडी भरून नेल्या. त्याच इटांनी माझं सैपाकघर बांधलं. अजून उभं हाय, एका इटंला टवका न्हाई.

शंकर मरेपातूर सांजच्याला यायचा. त्याच भिंतीला पाठ लावून चहा प्यायचा, आनि मधीच इटांवरनं हात फिरवून म्हनायचा, "काय हात हाय बाबू तुझा, माझ्या कच्च्या इटाबी उभ्या राहिल्या."

मी हसायचो, आनि त्याच्या बशीत अजून चहा ओतायचो.