दोन माणसांची गाडी

माझा थोरला भाऊ विलायतेतून परत आला तेव्हा त्याच्याबरोबर एक पत्र्याची पेटी, एक लोकरीचा कोट आणि एक तांबडी मोटार होती. पेटी आणि कोट घरी आले. मोटार येऊ शकली नाही, कारण आमच्या घरापर्यंत रस्ताच नव्हता.

आमचं घर लोधिवलीच्या बौद्धवाड्यात. मुंबई-पुण्याचा मोठा रस्ता ओट्यावरून दिसायचा, ट्रकांचे हॉर्न चुलीपाशी ऐकू यायचे. पण तो रस्ता आणि आमचा वाडा यांच्यामध्ये भातखाचरं पसरलेली होती. येणंजाणं बांधावरच्या पायवाटेनं. पावसाळ्यात चपला हातात घ्यायच्या आणि पाय टाकण्याआधी बांध कुठं आहे ते चाचपायचं. साठ सालानंतरची ही गोष्ट. वडील भिवपुरीच्या वीजघरात नोकरीला होते, ते वारले होते. मी जवळच्या चौक गावच्या शाळेत नुकतीच मास्तरीण झाले होते आणि आई घरची थोडी शेती पाहायची.

दादा शिष्यवृत्तीवर शिकला आणि तिकडे एका मोटारींच्या कारखान्यात लागला. त्याच कारखान्यात ही गाडी बनायची. सोबतच्या एका कामगाराकडून त्यानं ती जुनी म्हणून घेतली. बरीच वर्षं परदेशात राहिलेल्या माणसाला स्वतःची वापरलेली गाडी आणायला सरकार तेव्हा परवानगी द्यायचं, मात्र काही वर्षं ती विकायची नाही अशी अट असायची. मुंबईच्या गोदीत उतरवून घेऊन तो थेट लोधिवलीला आला आणि मोठ्या रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याच्या छपराखाली त्यानं ती उभी केली.

निरोप आला तशी आई आणि मी बांधावरून धावतच गेलो. दादाला पोटाशी धरून झाल्यावर आईनं गाडीकडे पाहिलं. गाडी आईच्या कमरेएवढीसुद्धा नव्हती. पुढचे दोन दिवे बॉनेटवर डोळ्यांसारखे वर आलेले. बाहेरून दाराला मूठ नाही. आत हात घालून दार उघडायचं. मागे डिकी होती, पण तिला झाकणच नव्हतं. सामान सीटमागून आत ढकलायचं. वर कापडाचं छप्पर, तेही काढून ठेवता येणारं.

"बेडकी हाय ही तर," आई म्हणाली. तेच नाव पडलं. "किती मानसं बसतात रं हिच्यात?"

"दोन."

"दोनच? आन् बाकीची काय मागनं चालत येनार?"

दादा हसला, पण त्याला ते लागलं असावं. कारण त्या संध्याकाळी जेवताना त्यानं आम्हाला गाडी आणण्यामागची खरी गोष्ट सांगितली. कारखान्यात त्यानं एकदा त्याच्या साहेबाला विचारलं होतं, ही गाडी तुम्ही साऱ्या जगात पाठवता, अमेरिकेत तर जहाजं भरभरून जातात, मग आमच्या देशात का विकत नाही? साहेब वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, तुमच्याकडे ही कोण घेणार? दादाला वाटलं, का नाही घेणार? वारा तोंडावर आलेला कुणाला आवडत नाही? आमच्या माणसांना काय वळणावर गाडी फिरवायची हौस नसते? ते दाखवून द्यायचं म्हणून तो ती घेऊन आला होता.

पुढचे काही दिवस पंक्चरवाल्याचं छप्पर म्हणजे जत्राच होती. पुण्याहून येणारे ट्रकवाले थांबायचे, चौकचे व्यापारी सायकलवरून यायचे. प्रत्येकाचा प्रश्न एकच, ही इथं मिळते का?

"मिळत नाही," दादा सांगायचा. "तिकडनं विकायला आणायची तर सरकार आणू देत नाही. परदेशी चलन नाही आपल्याकडे."

"मग हितंच बनवावी की," पंक्चरवाला म्हणाला.

"इथले कारखाने मोठ्या घरगुती गाड्याच पुऱ्या पाडू शकत नाहीत. त्यांच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेत. त्यांना दोन माणसांची गाडी बनवायला सवड कुठली?"

हे उत्तर बरोबरच होतं. पण दादा ते सांगताना दर वेळी थोडा चिडायचा. दोष सगळा सरकारचा आणि कारखान्यांचा आहे असं त्याला वाटत होतं. लोकांनी गाडीवरून हात फिरवलेला तो रोज पाहत होता.

त्याला खोपोलीच्या एका गिरणीत नोकरी लागली. रोज सकाळी बांधावरून चालत यायचं, पायाचा चिखल पुसायचा आणि बेडकीत बसून भुर्रकन जायचं. संध्याकाळी तसंच उलटं. भात कापून झालं, खाचरं वाळली, तेव्हा एका रविवारी त्याच्या मनानं घेतलं की गाडी घरी न्यायचीच. जमीन कडक झाली होती. दोन खाचरं त्यानं झकास पार केली. तिसऱ्या बांधावर मात्र गाडीचं पोट टेकलं. चारही चाकं हवेत, आणि बेडकी बांधावर कासवासारखी बसलेली. दादा आत स्टिअरिंग धरून बसला होता, उतरावं की बसावं हे त्याला कळेना. सगळा वाडा हसून लोळत होता. मग पुरुषांनी मिळून ती उचलली आणि खाली ठेवली.

तेवढ्यात शेताचा मालक आला. गावातला शेतकरी, वयानं मोठा, कडक. वाड्यातल्या लोकांनी त्याच्याकडे बैलगाडीपुरती वाट कितीदा मागितली होती. त्यानं कधी नाही म्हटलं नव्हतं आणि कधी दिलीही नव्हती. "बघू" एवढंच. आता तो ढासळलेल्या बांधाकडे बघत उभा राहिला.

"बांध मी बांधून देतो, काका," दादा म्हणाला.

"ते तर देशीलच. पन हे येडं धाडस केलंस कशापायी?"

त्याच्या मागून त्याची बायको आली होती, डोक्यावर पेंढ्याचा भारा. तिनं भारा खाली टाकला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि दादाला विचारलं, "बायामानसांना बसाया चालती का ही?"

गावातली बाई वाड्यातल्या माणसाच्या गाडीत बसणार का, हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारला नाही, पण होता. दादानं आत हात घालून दार उघडलं. काकी नवऱ्याकडे न बघता वाकली, पाय आधी टाकावा की डोकं हे दोनदा करून पाहिलं आणि शेवटी धपकन आत बसली.

"चल. खोपोलीला जाऊन येऊ."

गाडी वळून मोठ्या रस्त्याला लागली. काका आमच्यासोबत बांधावर उभे. ते पेंढ्याच्या भाऱ्याची दोरी सोडून पुन्हा बांधत राहिले. आईनं त्यांना पाणी दिलं. त्यांनी तांब्याकडे क्षणभर पाहिलं आणि प्याले.

काकी परत आली ती ओळखू येईना. अंबाडा सुटलेला, पदर कमरेला घट्ट खोचलेला, डोळ्यांना पाणी. खालापूरच्या पुढे सरळ रस्त्यावर दादानं गाडी सोडली होती, आणि एका एस.टी.ला मागे टाकताना काकीनं तिच्या ड्रायव्हरला हात केला होता. हे तिनंच सांगितलं. मग नवऱ्यासमोर उभी राहून म्हणाली, "बांधाच्या कडंनं यांना वाट देऊन टाका. गाडी काय त्यांनी डोईवर न्यायची का?"

"भाताची जागा जाईल की गं."

"जाऊ द्या थोडी. आपल्याला काय उपाशी मरायचं नाय."

काकांनी मान खाजवली. वाड्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. मग दादाला म्हणाले, "ओढ्याच्या बाजूनं घ्या. तिकडं भात तसंबी धरत नाय."

पुढे काकीशी माझी मैत्री झाली, तेव्हा मी तिला विचारलं की त्या दिवशी हे कसं सुचलं. ती म्हणाली, "सुचायचं काय त्यात? तुमच्या वाड्यातली अडलेली बाई झोळीत घालून ह्याच बांधावरनं नेताना मी बघितली हाय. तवापासून बोलायचं मनात होतं. नवऱ्यापुढं विषय काढाया निमित्त घावत नव्हतं." मग म्हणाली, "आन् गाडीत बसायचंबी होतंच."

रस्ता आम्हीच केला. टेकाडावरून मुरूम आणला, बायकांनी घमेल्यांनी टाकला, पुरुषांनी धुमसानं बसवला. गावातलेही काहीजण बैलगाड्या घेऊन आले, पहिल्यांदा थोडे लांब उभे राहून, मग अंगरखे काढून. शाळा सुटली की मीही घमेलं घ्यायची. शिक्षक बाई मुरूम टाकतात म्हणून माझे विद्यार्थी चौकवरून बघायला यायचे आणि त्यांनाही आई एकेक घमेलं द्यायची. ओढ्यावर पाइप कुठून आणायचा हा प्रश्न होता, तो दादाच्या गिरणीतल्या मोडीत निघालेल्या पाइपानं सुटला.

बेडकी घरी आली त्या दिवशी वाड्यात गोडाधोडाचं जेवण झालं. आईनं गरम बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाली, "आली बाई घरला." मग पहिल्यांदा ती आत बसली. वाड्यातून मोठ्या रस्त्यापर्यंत आणि परत, एवढंच. उतरल्यावर तिला विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, "बूड जमिनीवरच हाय असं वाटतंय. पन झकास."

त्याच रस्त्यावर दादानं मला गाडी शिकवली. आजूबाजूच्या गावांत मोटार चालवणारी बाई तेव्हा मी तरी पाहिली नव्हती, आणि आमच्या वाड्यातली तर नाहीच. पहिल्या दिवशी क्लच सोडताना गाडी अशी उडी मारायची की नाव सार्थ वाटावं. ओट्यांवर बायका निवडणं-टिपणं घेऊन बसायच्या आणि मला गिअर सांगायच्या. त्यांनाही आवाजावरून कळायला लागलं होतं. "बदल गं आता, वरडतीया ती," असं कुणीतरी म्हणायचं आणि ते बरोबर असायचं. परवाना देणाऱ्या साहेबानं मला विचारलं, "गाडी कुणाची?" मी म्हटलं, "घरची." तो शब्द बोलताना मला जे वाटलं ते मी अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही.

एका सकाळी आईला शेजारी बसवून मी बोरघाट चढले. छप्पर काढलं होतं. अवजड ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत होते आणि बेडकी प्रत्येक वळणावर अशी फिरायची की जणू तो घाट तिच्यासाठीच कोरला होता. आई आधी दाराला धरून होती. मग तिनं हात सोडले. खंडाळ्याला पोचल्यावर म्हणाली, "तुजा बा असता तर." मग डोळे पुसले आणि चहा मागवला.

बेडकी आमच्याकडे काही वर्षं छान चालली. एकदा कुंभिवलीच्या पुढे मागून खटकन आवाज आला आणि इंजिन फिरतंय पण गाडी जागची हलत नाही, असं झालं. मागचं चाक फिरवणारा दांडा तुटला होता. असा दांडा अख्ख्या मुंबईत नव्हता. विलायतेतून मागवायचा तर परवाना हवा. शेवटी दादानं गिरणीतल्या लेथवर स्वतः एक घडवला. तो दिवाळीपर्यंत टिकला. दुसरा संक्रांतीपर्यंत. तिसरा तुटला त्या दिवशी आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला वडाखाली बसलो होतो, आणि दादा हसायला लागला.

"साहेबाचं बरोबर होतं," तो म्हणाला. "पण त्यानं सांगितलेलं कारण चूक होतं. तो म्हणाला, कोण घेणार? घेणारे आहेत. आपल्याकडे हौसेची कमी नाही. पण गाडी एकटी विकत नाहीत. तिच्याबरोबर रस्ता विकावा लागतो, दांडा विकावा लागतो, आणि आपल्या घरात दोनच माणसं राहतात असंही ठरवावं लागतं. ते कसं जमायचं?"

"रस्ता तर झाला की," मी म्हटलं.

"तो आपण केला," तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्याचा चेहरा इतका खूश होता की मोडलेली गाडी समोर आहे हे मी विसरले.

गाडी न विकण्याच्या अटीची मुदत संपली होती. मुंबईतल्या एका हौशी गृहस्थांनी बेडकी घेतली. त्यांचा एक नातेवाईक जहाजावर होता, तो तिचे सुटे भाग आणू शकत होता. ट्रकवर चढवून नेताना वाड्यातली पोरं मोठ्या रस्त्यापर्यंत मागे धावली. मीही गेले. रडले नाही, कारण काकी शेजारी उभी राहून त्या गृहस्थांना क्लच हळू सोडा म्हणून बजावत होती आणि ते तिला हात जोडून होय होय म्हणत होते.

दादानं मग लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप घेतली. मागे समोरासमोर दोन बाकं. तिचा भाग कुठल्याही गॅरेजात मिळायचा आणि पोट एवढं उंच की खाली कोंबड्या सावलीला बसायच्या. पहिल्याच रविवारी आम्ही कर्जतला उल्हास नदीवर जेवण घेऊन निघालो. वाड्यातली माणसं आणि काकी-काका मिळून किती बसले ते मोजलं नाही. मागच्या फळीवरसुद्धा पाय खाली सोडून कुणी कुणी बसलं होतं. जीप मी चालवत होते. चढावर ती दमली तशी मागून आई ओरडली, "दादल्यांनो, उतरा रं, हलकी होऊ द्या." पुरुष उतरले, हसत हसत बाजूनं चालू लागले आणि बायका तशाच बसून राहिल्या.