वाक्यात उपयोग

कौशल्याबाईंच्या तोंडी लागायचं नाही, हे आंधळगावात लहान पोरांनाही ठाऊक होतं. ऐन तिशीत नवरा गेला. दिराचा घरातल्या हातमागावर डोळा होता. तो काही बोलायच्या आत बाईंनी चारचौघांत त्याची लक्तरं काढली. माग वाचला. तेव्हापासून हीच रीत पडली. कुणी आपलं उणं काढण्याआधी आपण त्याचं काढायचं.

सत्त्याहत्तर साली त्यांची पुष्पा दहावीला होती. इंग्रजीचे वाक्प्रचार मोठ्यानं घोकायची. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा. एकाचा अर्थ होता, हल्ला हाच उत्तम बचाव. मागासाठी कोसा रेशमाच्या कांड्या भरता भरता बाई म्हणाल्या, "यात शिकाचं काय हाये? मले विचार."

पण दिवसभर भांडून संध्याकाळी बाईंचा घसा दुखायचा. दार वाजलं तरी अंग आधी ताठ व्हायचं.

पुष्पाची एक सोयरीक ठरून मोडली होती. आता पवनीच्या राधाबाईंना ती मुलासाठी पसंत पडली होती. पुष्पालाही ते घर हवं होतं. ती बोलली नव्हती, पण आईला कळलं होतं. एका दुपारी राधाबाई एकट्याच आल्या. चहा हातात घेऊन म्हणाल्या, एक गोष्ट विचारायची होती.

बाईंना वाटलं, आली मोडलेल्या सोयरिकीची गोष्ट. त्यांनी सुरुवात केली. तुमचे दोन माग बंद पडलेले, मुलगा वयानं मोठा, थोरली सून माहेरी का बसली, सगळं काढलं. राधाबाईंचा चहा गार झाला.

"परीक्षा झाल्यावर लगन ठेवू का, हे विचाराले आली होती," त्या म्हणाल्या. "मोडल्याचं मले पहिल्यापासून माहीत हाये. पोरगी गुणाची हाये. पण मी थकली, बाई. घरचंच भांडण मिटून नाही राहिलं, आणखी एक कुठं नेऊ?"

त्या उठून निघाल्या. पुष्पा चुलीपाशी होती. तिनं आईकडे पाहिलंसुद्धा नाही.

राधाबाईंची पिशवी भिंतीशी राहिली होती. बाईंनी ती उचलली आणि तशाच स्टँडवर गेल्या. राधाबाई झाडाखाली बसल्या होत्या. त्यांच्यापुढे पिशवी ठेवून बाई उभ्या राहिल्या. दिराला, शेजाऱ्यांना, साऱ्या गावाला पुरून उरलेल्या तोंडात एक शब्द सापडेना.

"काय बोलू, सुचून नाही राहिलं," त्या शेवटी म्हणाल्या.

राधाबाईंनी पिशवी मांडीवर घेतली, बाजूला थोडी जागा केली. "मंग नका बोलू. बसा."

बस यायला वेळ होता.